सीटखालचं रबर

पिकअप घरी आणली त्या दिवशी बायकोने तिला ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. आत्तापर्यंत आमच्या घरात चार चाकांचं म्हणजे बैलगाडी मोडून केलेला ट्रेलर, तेवढंच. दुपारी मी गाडी धुवायला घेतली. सीट उचलली तर खाली जॅक, पाना, एक चेपलेली बाटली आणि रबराचं वेटोळं. मोटारसायकलची ट्यूब उभी कापून केलेलं, दोन्ही टोकांना तारेचे आकडे. ताणून ताणून मऊ पडलेलं. वाटलं, ताडपत्री बांधायचं असेल. परत तिथंच ठेवून दिलं. शेतकऱ्याच्या घरात रबर, सुतळी आणि तार कुणी टाकत नाही.

हे २०१२ सालचं. गाडी २००५ची. दोन लाख दहा हजाराला घेतली. त्यातले साठ हजार कांद्याचे, एक म्हैस विकली तिचे काही, बाकी हातउसने. घेताना मी काही अगदीच अडाणी नव्हतो. १९७६ला दहावी झालो, पुढं शिकायची ऐपत नव्हती, म्हणून दोन वर्षं एका ट्रकवर क्लिनर होतो. टायर बघितले, चेसीला तडा आहे का ते खाली झोपून बघितलं, ऑइलची कांडी काढून वास घेतला, मालकाला शेजारी बसवून ओतूरच्या रस्त्याला चार किलोमीटर पळवून आणली. गिअर लोण्यासारखे पडत होते. एवढ्या जुन्या गाडीचे गिअर लोण्यासारखे पडतात याचं तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

आमच्या जुन्नर तालुक्यातला भाजीपाला कल्याणला न्यायचा तर माळशेज घाट उतरावा लागतो. पिंपळगाव जोग्याचं धरण, खुबी फाटा, मग घाट सुरू, खाली मोरोशी, टोकावडे, सरळगाव, मुरबाड. रात्री एकला निघायचं म्हणजे पहाटेच्या बाजाराला गाठ पडते. चौथ्या की पाचव्या खेपेला गाडीत कोबी होता, दीड टनाच्या आसपास. कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त, हे मी आधीच कबूल करतो. पुढं दुसऱ्यांच्या खोटेपणाबद्दल बोलायचं आहे तेव्हा आपलं आधी सांगितलेलं बरं. पावसाळा नुकताच सरला होता, दरीतून धुकं वर येत होतं. उताराला मी तिसरा टाकला आणि ॲक्सिलेटरवरचा पाय काढला. असा पाय काढला की इंजिन गाडीला मागं ओढून धरतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही. घाटात उतरायचं शहाणपण तेवढंच. पाय काढला आणि त्याच क्षणी दांडी टक्कन न्यूट्रलला आली.

ज्यांनी गाडी चालवली नाही त्यांना सांगतो, भरल्या गाडीचा गिअर उतारावर निसटणं म्हणजे बैलांचं जूच गळून पडणं. गाडी मोकळी सुटते. आवाज एकदम बंद होतो, नुसता वारा ऐकू येतो. परत तिसरा टाकला, परत सुटला. ब्रेक दाबत राहिलो तर तापणार, तापले की धरणार नाहीत. तेव्हा ट्रकवरच्या उस्तादाने शिकवलेलं कामाला आलं. आधी ब्रेक मारून वेग तोडला, मग डबल क्लच. म्हणजे न्यूट्रललाच क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. दुसरा पडला. तो सुटला नाही. मोरोशीपर्यंत दुसऱ्यात आलो, मागं गाड्यांची रांग लागली होती, लोक हॉर्न मारून आईबापाचा उद्धार करीत पुढं जात होते.

खाली टपरीपाशी गाडी लावली. हातपाय कापत होते. बॅटरी काढायला सीट उचलली आणि ते रबर हाताला लागलं. डॅशबोर्डाखाली एक पट्टी होती, तिच्या काठाचा रंग एवढ्यापुरताच उडून लोखंड चकाकत होतं. धुताना ते मी बघितलं होतं. आता रबराचा एक आकडा त्या पट्टीला लावला आणि दुसरा गिअरच्या दांडीला वेढून घेतला. बरोबर बसला. तिसऱ्या गिअरमध्ये दांडी पुढं असते, रबर तिला पुढंच ओढून धरत होतं.

म्हणजे त्याला माहीत होतं.

घाटाची भीती दोन दिवसांत गेली. हे मात्र गेलं नाही. एक माणूस माझ्याशेजारी बसून ओतूरच्या रस्त्याला गप्पा मारत होता, माझ्या पोराबाळांची चौकशी करत होता आणि त्याला माहीत होतं.

मी त्याच्याकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण त्याने खाट टाकली, चहा सांगितला. भांडायला गेलेल्या माणसाला चहा दिला की त्याची निम्मी धार जाते. म्हणाला, "तुम्ही इचारलं कुठं? इचारलं असतं तर सांगितलं असतं." मी म्हणालो, माणसाला काय विचारायचं ते तरी कळायला नको का? तर म्हणतो, "मला तरी कोणी सांगितलं होतं? अन् रबर ठेवलं होतं की गाडीत. ते काय मी काढून घेतलं का?" त्याच्या लेखी रबर ठेवणं हेच सांगणं होतं. मी चहा पिऊन परत आलो.

नारायणगावच्या मिस्त्रीने गिअर बॉक्स उतरवला तेव्हा मी शेजारी पोत्यावर बसून होतो. क्लिनरकीची सवय, उघडलेलं यंत्र बघितल्याशिवाय राहवत नाही. त्याने खालचा नट काढला. एरवी ९० नंबरचं ऑइल धारेने पडतं, इथं काकवीसारखं काहीतरी लोंबायला लागलं. मिस्त्रीने ते दोन बोटांत चोळलं आणि हसला. "काका, तुम्हाला ग्रीस घालून विकली. अन् हे बघा." त्याच्या बोटांवर लाकडाचा भुसा होता. बारीक, काळा पडलेला. घट्ट ऑइल, त्यात ग्रीस, त्यात भुसा. दाते झिजल्यावर गिअर खडखडतो, तो आवाज हा चिखल गिळून टाकतो. महिना-दोन महिने. गिऱ्हाईक पटायला तेवढे पुरतात. माझे लोण्यासारखे गिअर ते हे.

त्या ऑइलात सोनेरी कणही चमकत होते, जरीचा चुरा पडावा तसे. ती पितळी रिंगची झीज. ही रिंग काय करते ते मला ट्रकवर असताना कधी बघायला मिळालं नव्हतं. त्या ट्रकला ती नव्हतीच, म्हणून तर डबल क्लच. मिस्त्रीने समजावलं. बॉक्समधले गिअर कायम एकमेकांत अडकलेले फिरत असतात. आपण दांडी हलवतो तेव्हा गिअर सरकत नाही, मधली एक बांगडी सरकते आणि पाहिजे त्या गिअरला शाफ्टाशी बांधते. पण बांगडी एका वेगाने फिरतेय, गिअर दुसऱ्या. धावत्या एसटीत चढायचं असलं तर आपण आधी चार पावलं एसटीबरोबर पळतो, मग दांडा धरतो. तसं हे पळण्याचं काम पितळी रिंग करते. गिअरच्या निमुळत्या गळ्याला घासून दोघांचा वेग एक करते, मगच बांगडी पुढं सरकते. रिंगला आतून बारीक आटे असतात, ते ऑइल फाडून पकड घेतात. माझ्या तिसऱ्याच्या रिंगचे आटे गुळगुळीत झाले होते. त्याने नवी रिंग गिअरवर दाबून दाखवली, तिच्यात नि दात्यांत नखाएवढी फट राहते. जुनी दाबली तर दात्यांना जाऊन टेकली. टेकली म्हणजे संपली.

पण रिंग गेली की गिअर पडताना ओरडतो, निसटत नाही. निसटण्याचं कारण वेगळं होतं. गिअरच्या कडेला जे लहान दाते असतात, ज्यांवर बांगडी चढते, त्यांची टोकं गोल झाली होती आणि बगला झिजून उतरत्या झाल्या होत्या. इंजिन ओढतंय तोवर बांगडी बसून राहते. पाय काढला, भार उलटा आला, की त्या उतरत्या बगलेवरून घसरून बाहेर. आणि बांगडीला ढकलणारा फोर्क एका बाजूने निम्मा झाला होता. मिस्त्रीने तो माझ्या हातात दिला. "हे रबरानं खाल्लंय," म्हणाला. दांडी सारखी ओढून धरली की फोर्क फिरत्या बांगडीवर सारखा दाबलेला राहतो आणि झिजत जातो. झिजला की गिअर आणखी सुटतो. सुटला की रबर आणखी ताणायचं. (दांडीवर हात ठेवून गाडी चालवणाऱ्यांचंही हेच होतं. आमच्याकडे निम्मे ड्रायव्हर असेच चालवतात, सांगितलं तर हसतात.)

चौदा-पंधरा हजार गेले. ते रबर मी टाकलं नाही, पुन्हा सीटखाली ठेवलं. का ठेवलं ते विचारू नका.

आता मागची एक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं नीट सांगता यायचं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, जनावर विकताना खोड सांगायचे. अशी त्यांची ख्याती होती. बेल्ह्याच्या बैलबाजारात मी त्यांच्याबरोबर जायचो. गिऱ्हाईक बैलाचं तोंड उघडून दात बघायचं, दुसा की चौसा की जुळलेला. खांदा बघायचं, चालवून बघायचं. मग उपरण्याखाली हातात हात घालून बोटांनी भाव व्हायचा. भाव ठरायच्या आधी दादा म्हणायचे, "बैल गाडीला वाघ आहे, पण नांगराला तासाभरानं बसतो. बघा बुवा." घेणारा दहावीस रुपये कमी करायचा किंवा पुढं जायचा. मला लाज वाटायची. बाकीचे लोक काही सांगत नाहीत, आपलाच बाप का सांगतो?

बहात्तरच्या दुष्काळात वैरण संपली. आमच्याकडे एक तांबडा बैल होता, देखणा, अंगाने भरलेला. त्याला एकच खोड होती. बाईमाणूस दिसलं की अंगावर जायचा. पुरुषांना काही करत नसे, पोरांना चाटायचा. आई त्याच्या गव्हाणीकडे कधी गेली नाही. दादांनी तो बेल्ह्याला नेला आणि एका हेड्याला विकला. भाव होईपर्यंत मी वाट बघत होतो, आता सांगतील, आता सांगतील. बाजारात बाया नसतात. बैल गरिबासारखा उभा होता. दादा बोलले नाहीत. पैसे मोजून घेतले, दावं सोडलं.

परतताना मी म्हणालो, "दादा, सांगितलं न्हाय तुम्ही."

"हेड्याला काय सांगायचं? त्याचा धंदाच तो. तो काय कमी लबाड आहे?"

मी थोडा वेळ गप्प चाललो आणि म्हणालो, "पण हेडी ज्याला विकील त्याच्या घरी बाई असंलच की."

दादा काही बोलले नाहीत. मागं वळून बाजारात गेले आणि मला पावशेर गोडीशेव घेऊन आले. दुष्काळात. मी ती वाटभर खाल्ली, चांगली लागली. त्या बैलाचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

२०२१ साली माझी पिकअप विकायची वेळ आली. आधी करोनाचं वर्ष, मग टोमॅटोला भाव नाही, तोडणीची मजुरी निघेना. सोसायटीचं कर्ज थकलेलं. गाडीला सोळा वर्षं झालेली, दर वर्षी पासिंगचा खर्च. आणि नऊ वर्षांत तिसऱ्या गिअरने पुन्हा तीच वाट धरली होती. मी दांडीवर हात ठेवत नसे, पण थोरला मुलगा ठेवतो. आधी पडताना ओरडायला लागला, मग उतारावर भरल्या गाडीत एखाद्या वेळी सुटायला लागला. रिकाम्या गाडीत, सपाटीला, कधीच नाही.

मुलगा म्हणाला, "जशी आहे तशी विकू. गिऱ्हाईक ट्रायल मारंल, त्याच्याबरोबर त्याचा मिस्त्री येईल. त्याचे कान, त्याचे हात. आपण भुसा घालत नाही ना? मग झालं." या बोलण्याला उत्तर देणं सोपं नाही. टायर गुळगुळीत आहेत हे काय मी सांगायचं? घेणाऱ्याला डोळे आहेत. सगळंच सांगत बसलो तर बाजार चालायचा नाही. कांद्याच्या गोणीत वरचा कांदा निवडून लावतात हे घेणाऱ्याला माहीत असतं, तो मधे हात घालून बघतो.

माझा एक भाचा वकील आहे. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "मामा, हा प्रश्न कायद्यात लिहिलेलाच आहे." १८७२चा करार कायदा, कलम १७. त्यात उदाहरण दिलंय घोड्याचं. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. मुद्दाम झाकलं, तर ती फसवणूक. म्हणजे भुसा घालणारा सापडेल, गप्प बसणारा सुटेल. मुलाचंच म्हणणं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

भाचा पुढं म्हणाला, "पण लगेच दुसरं उदाहरण आहे. घोडा घेणारी जर विकणाऱ्याची मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर मात्र त्याने सांगायलाच पाहिजे." आणि तिसरं असं की, घेणारा म्हणाला, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निरोगी समजतो, आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

मधलं उदाहरण माझ्या डोक्यातून जाईना. इंग्रजाने हा कायदा केला तेव्हा त्यालाही लेकीला घोडा विकणारा बाप सुचला, याचं मला हसू आलं, पण अडकलो तिथंच. लेकीला सांगायचं का? तर तिचा आपल्यावर भरवसा असतो, ती तोंड उघडून दात बघत नाही. बरं. मग शेजाऱ्याला? भावकीतल्याला? ओळखीच्या गावातल्याला दादा सांगत होते आणि हेड्याला नाही. दादांनी कायदा वाचला नव्हता, पण त्यांचाही नियम हाच निघाला. आपल्या माणसाला सांगायचं, परक्याने आपलं बघून घ्यायचं. फक्त परका पुढं कुणाला विकतो ते धरायचं नाही.

आणि आणखी एक. टायर बघता येतात, गोणीत हात घालता येतो. पण माझ्या गाडीची खोट कुणाला आणि कुठं दिसणार होती? सपाटीच्या रस्त्यावर रिकाम्या गाडीत सगळ्या जगाचे मिस्त्री बसवले तरी दिसणार नव्हती. ती फक्त घाटात, भरल्या गाडीत, रात्री दिसणार. तांबडा बैल बाजारात गरीब उभा होता, तसंच. घेणाऱ्याने बघून घ्यावं हे ठीक, पण बघायची जागाच जर माळशेजचा उतार असेल तर त्याने काय बघायचं? मी मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग दुरुस्त करून विका. पैसे झाडाला लागलेत." रागाने म्हणाला, पण मी तेच केलं.

मिस्त्री तोच, आता त्याचा मुलगा हाताखाली होता. मुलाने विचारलं, "आजोबा, विकायची आहे ना? १४० नंबरचं टाकून देऊ का?" बापाने त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला. सगळं नवं घालायचं तर अठ्ठावीस-तीस हजार होत होते. तेवढे नव्हते. शेवटी रिंग, फोर्क, बेअरिंगं आणि ऑइल सील नवे, तिसरा गिअर भंगारातल्या बॉक्समधला बरा बघून, आणि बांगडी तीच, उलटी करून. बांगडीची एक बाजू झिजलेली असते, दुसरी चांगली. उलटली की चांगली बाजू तिसऱ्याकडे येते आणि झिजलेली चौथ्याकडे. चौथ्याला उताराचा मार कमी, चालतं. एकवीस हजार झाले. बायको म्हणाली, "विकायच्या म्हशीला ढेप चारणारे तुम्हीच."

मला वाटलं, सुटलो. पण आता नवाच प्रश्न. गाडी दुरुस्त आहे, मग सांगायचं काय? तिसरा गिअर भंगारातला आहे हे सांगायचं का? बांगडी उलटी आहे हे सांगायचं का?

पहिलं गिऱ्हाईक आलं ते वयस्कर होतं, माझ्याच वयाचं, बरोबर पुतण्या. मी सगळं सांगितलं. जुने भाग गोणपाटात ठेवले होते ते ओतून दाखवले. काय नवं, काय जुनं, काय उलटं. तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला. मग पुतण्याला बाजूला घेऊन गेला. मी गोठ्यात होतो, ऐकू आलं. "म्हातारा एवढं सांगतोय म्हंजी अजून काहीतरी मोठं दाबलंय." चहा न घेता गेले.

त्या रात्री मुलगा काही बोलला नाही, हेच फार लागलं.

आठ दिवसांनी अकोल्याकडचा एक पोरगा आला. नगर जिल्ह्यातलं अकोले. बावीस-तेवीसचा असेल, मिशी नीट फुटलेली नाही. भाजीची वाहतूक करणार म्हणाला, पहिलीच गाडी. सोबत मिस्त्री नव्हता, एक मित्र होता आणि त्याला गाडीतलं माझ्या म्हशीएवढं कळत होतं. ट्रायल मारून आला, खूश. "गिअर मस्त पडतात, काका." एक लाख पस्तीस हजाराला ठरलं. त्याने पाच हजार इसार माझ्या हातावर ठेवले. वाकून पायाला हात लावला.

मी बोललो नाही. ठरवून नाही बोललो असं नाही, आणि विसरलो असंही नाही. मागच्या खेपेचं गोणपाट कोपऱ्यात तसंच पडलं होतं. तोंड उघडायचं, तेवढ्यात मुलगा माझ्याकडे बघत होता, सोसायटीचा गटसचिव दोनदा येऊन गेला होता, आणि गाडी खरंच नीट झाली होती. मनातल्या मनात म्हणालो, आता सांगण्यासारखं काय उरलंय? जुना चहावाला दोस्त आठवला, रबर ठेवलं होतं की गाडीत.

रात्री झोप लागली नाही. पोराने म्हटलं नव्हतं, तुम्ही काही बोलला नाहीत तर मी गाडी चांगली समजतो. शब्दांत म्हटलं नव्हतं. पण मिस्त्री न आणता आला, पायाला हात लावला, हे दुसरं काय म्हणणं होतं? भाच्याचं तिसरं उदाहरण की दुसरं, मला ठरवता येईना.

चौथ्या दिवशी तो बाकीचे पैसे घेऊन आला. मी आधी इसाराचे पाच हजार खाटेवर ठेवले. मग गोणपाट ओतलं. सगळं सांगितलं. घाटातलंही सांगितलं. सीटखालचं रबर काढून दाखवलं, ते कसं लावायचं आणि का लावायचं नाही. म्हणालो, नको असेल तर इसार घे आणि जा, माझं काही म्हणणं नाही.

तो बराच वेळ त्या निम्म्या झालेल्या फोर्ककडे बघत होता. मग म्हणाला, "काका, मग परवा का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. परवा सांगितलं असतं तर तो गेला असता म्हणून नाही सांगितलं. इसार घेतल्यावर माणूस मनाने निम्मा गाडीवर बसलेला असतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे मी खरं बोललो, पण भाव ठरल्यावर. दादा खोड सांगायचे ती भाव ठरायच्या आधी. एवढाच फरक. मी त्याला म्हणालो, "भ्यालो."

मित्र म्हणाला, चल, निघू. पोरगा निघाला नाही. म्हणाला, दहा हजार कमी करा. मी केले. मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. पैसे मोजले, कागदांवर सह्या झाल्या, बायकोने गाडीला पुन्हा ओवाळलं, ही तिची पद्धत, आलेल्याला आणि जाणाऱ्याला. पोराने रबर सीटखाली ठेवायला घेतलं ते मी त्याच्या हातातून काढून घेतलं. आता ते गोठ्याच्या फाटकाला आहे, वाऱ्याने फाटक आपटू नये म्हणून.

सात-आठ महिन्यांनी त्याचा फोन आला. आरसी नावावर करायला माझ्या आधारची झेरॉक्स पाहिजे होती. पाऊस कसा आहे, टोमॅटो लावला का, असं बोलला. मागं गाडीचा आवाज येत होता, कुठंतरी चढावर असावा. गिअरचं तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.